चरकाचा शाफ्ट : मोडल्यापासून परत फिरेपर्यंतच्या नोंदी

७ डिसेंबर

काल संध्याकाळी संकेश्वरहून गुऱ्हाळाच्या मालकाचा फोन आला. "शाफ्ट मोडला ओ, सकाळी घेऊन येतो," एवढं बोलून ठेवला. आज साडेनऊला पिकअपमधून दोन तुकडे आमच्या शेडच्या दारात उतरले. चरकाच्या वरच्या रोलरचा शाफ्ट, आणि मोडलाय तो बेअरिंगच्या बाजूला, जिथं ९० मिमीवरून ११० ला स्टेप चढते बरोबर त्या कोपऱ्यात, करवतीनं कापल्यासारखा सरळ. हा शाफ्ट गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्हीच करून दिलेला, बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्याच लेथवर, त्यामुळं हे काम दुसऱ्या कामांसारखं बाजूला ठेवता येणार नाही आणि म्हणूनच रोजच्या रोज लिहून ठेवायचं ठरवलंय.

मालकाचं म्हणणं एकच. चरकात ऊस घालणारा पोरगा यंदा नवीन आलाय, घाईघाईत एकदम जास्त ऊस कोंबतो, त्यानं शाफ्ट मोडला. पोराला कामावरून काढलंय आणि आठवड्याचा पगार पण अडकवलाय. पोरगा पिकअपमध्ये मागं बसून आलेला, तुकडे उतरवायला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. मालक चहाला गेल्यावर हळूच माझ्याजवळ आला, "अण्णा, मी जास्त घातलो नाही. रोजच्यासारखंच चालू होतं, एकदम टक् करून सुटला."

मोडलेल्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि मला वाटलं की हा पोरगा खरं बोलतोय. पण वाटून चालत नाही, मालकाला दाखवता आलं पाहिजे.

८ डिसेंबर

सकाळी सगळ्यात आधी मेस्त्रींना सांगितलं की दोन्ही तुकडे एकमेकांना लावून बघू नका. सगळ्यांना तोच मोह होतो, तुटलेलं बरोबर बसतंय का बघायचा, आणि तेवढ्यात तोंडावरच्या बारीक खुणा घासून जातात, मग वाचायला काही उरत नाही. तारेचा ब्रश पण नाही. रॉकेल आणि जुना दात घासायचा ब्रश, हलक्या हातानं, मग कापडानं टिपून वाळवलं आणि शेडमधले दिवे बंद करून बॅटरी अगदी आडवी धरली. वरून उजेड टाकला की सगळं सपाट दिसतं, आडवा टाकला की उंचसखल उठून येतं.

जे दिसलं ते असं. गोलाचा मोठा भाग, पाऊण तरी असेल, गुळगुळीत, हात फिरवला तर घासलेल्या पाट्यासारखा. त्याच्यावर कमानीसारख्या रेषा, एकामागं एक, तलावाचं पाणी उतरत जाताना काठावर थर राहतात ना तशा. त्या कमानी बाहेरच्या कडेपासून आत आत सरकत गेलेल्या. उरलेला पाव भाग मात्र वेगळाच, खडबडीत, दाणेदार, गुळाची ढेप फोडल्यावर आतनं दिसते तसा, आणि उजेडात चमचमणारा. म्हणजे मोडायच्या क्षणी सगळा भार तेवढ्या पाव भागावर लोंबकळत होता. बाकीचा पाऊण भाग आधीच सुटलेला होता, कुणाला कळलं नाही इतकंच.

जास्त ऊस घालून एका दणक्यात शाफ्ट मोडला असता तर सगळं तोंड खडबडीत असतं, आणि हे काही बिडाचं कास्टिंग नाही, ईएन ८ जातीचं मध्यम कार्बनचं पोलाद आहे, तो आधी वाकतो किंवा पिळतो, मग तुटतो. इथं दोन्ही तुकडे सरळ आहेत, मेस्त्रींनी लेथवर सेंटरला लावून डायल फिरवला, वाक काहीच नाही.

अजून एक खूण आहे. कडेला, कोपऱ्याच्या रेषेवर, गोलभर बारीक बारीक पायऱ्या आहेत, करवतीच्या दातांसारख्या. मोजल्या, अकरा. दोन शेजारच्या क्रॅक थोड्या वेगळ्या पातळीवर सुरू होऊन पुढं एकमेकींना मिळाल्या की मध्ये अशी पायरी राहते. म्हणजे क्रॅक एका ठिकाणी सुरू झालेली नाही, गोलभर अकरा ठिकाणी झाली. धातूत एखादा दोष असता, खडा किंवा पोकळी, तर एकाच जागेवरून पसरली असती. सगळ्या बाजूंनी सुरू होते तेव्हा तो सगळा कोपराच दुखरा असतो.

आणि आता ज्याच्यासाठी मी रात्री अकरापर्यंत थांबलो ते. कडेपासून आत ८ मिमीवर (व्हर्नियरनं चार ठिकाणी मोजलं, साडेसात ते साडेआठ) एक तपकिरी पट्टा आहे. त्याच्या बाहेरचा, म्हणजे कडेकडचा भाग मळकट तांबूस, आणि पट्ट्याच्या आतला भाग स्वच्छ करडा. गंज आहे तो. महिन्यांचा गंज. चरक एप्रिल ते ऑक्टोबर बंद असतो, वर पत्रा आहे पण पाऊस बाजूनं येतो, आणि यंदा तर आपल्याकडं पावसानं सोडलं नाही. ओल त्या फटीत शिरली आणि जिथपर्यंत फट होती तिथपर्यंत गंजली. म्हणजे पावसाळा लागायच्या आधीच क्रॅक ८ मिमी आत गेलेली होती. पोरगा आला दसऱ्यानंतर.

९ डिसेंबर

मालकाला फोनवर सांगितलं. पटलं नाही. "गंज काय कुठंबी येतोय की. मग मटेरियल हलकं वापरला असणार तुम्ही." रास्त शंका आहे, माझ्यावर घेतली म्हणून मी ती रागानं उडवून लावणार नाही. तुकड्यातनं एक चकती कापून लॅबला दिली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कार्बन ०.४१ टक्के, मँगनीज बरोबर, गंधक फॉस्फरस मर्यादेत, कडकपणा ब्रिनेल १८७. ईएन ८ म्हणजे असंच पाहिजे. ब्रिनेलला ३.४५ नं गुणलं की ताणाची ताकद येते, साधारण ६४५ मेगापास्कल. मटेरियल चांगलं आहे.

मग राहिलं काय? आमचं काम.

१० डिसेंबर

सुट्टी. बायकोबरोबर शहापूरला साडी बघायला गेलो होतो आणि तिथं दुकानात जे बघितलं ते इथं लिहितोच, कारण मला त्यातनं मालकाला कसं समजवायचं ते सापडलं. दुकानदारानं अस्तराचं कापड मोजलं, काठाला कात्रीनं बोटभर चीर दिली, आणि दोन हातांनी धरून टरकन फाडलं. चीर न देता तेच कापड ओढलं असतं तर फाटलं असतं का? कापड तेच, हात तेच, ओढ तीच. फक्त चिरेच्या टोकाला सगळी ओढ एका धाग्यावर येते, तो तुटला की पुढच्यावर.

लोखंडात धागे नसतात पण हिशोब तोच. इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १९१३ मध्ये हे गणितानं दाखवलं. पत्र्याला ताण दिला आणि मध्ये गोल भोक असलं तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, पत्रा बराच रुंद असला तर भोक लहान असो की मोठं. आणि भोक गोल नसून ताणाला आडवं लांबट असलं तर टोक जितकं अणकुचीदार तितका ताण वाढत जातो. क्रॅक म्हणजे टोकाला जवळजवळ काहीच गोलाई नसलेलं भोक. मग प्रश्न येतो की असं असेल तर जगातली प्रत्येक ओरखडा पडलेली वस्तू लगेच का मोडत नाही. त्याचं उत्तर ग्रिफिथनं काही वर्षांतच काचेवर प्रयोग करून दिलं : क्रॅक पुढं सरकायला नवीन पृष्ठभाग तयार करावा लागतो, त्याला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा ताणलेल्या वस्तूतून मोकळी होत असेल तरच क्रॅक धावते. ठराविक लांबीच्या आत असलेली क्रॅक बसून राहते, लांबी ओलांडली की सुटते. लोखंडात तर टोकाजवळचा धातू दबतो-ताणतो त्यात अजून बरीच ऊर्जा खर्ची पडते, म्हणून ते काचेपेक्षा कितीतरी सोसतं.

पण हे झालं एकदाच ओढल्यावरचं. आपला शाफ्ट फिरतो, आणि खरी गोष्ट तिथं आहे.

११ डिसेंबर

ऊस रोलरला वर ढकलतो, दोन्ही बाजूंची बेअरिंगं त्याला खाली दाबून धरतात, म्हणजे शाफ्टला कायम थोडा बाक. बाक जागेवर राहतो आणि शाफ्ट त्यात फिरतो. त्यामुळं कडेचा प्रत्येक बिंदू अर्ध्या फेऱ्यात ताणला जातो आणि उरलेल्या अर्ध्यात दाबला जातो. रोलर मिनिटाला १० फेरे फिरतो, आपल्याला किती सावकाश वाटतो, पण तासाला ६००, सोळा तासांना ९,६००, आणि १२० दिवसांच्या सीझनला साडेअकरा लाख. साडेअकरा लाख वेळा ताण-दाब, ताण-दाब.

रेल्वेवाल्यांना हे पावणेदोनशे वर्षांपूर्वी भोगायला लागलं. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी गाडी इंजिनाचा आस मोडल्यानं उलटली आणि आग लागली, कितीतरी माणसं गेली. त्यानंतर रँकिन या स्कॉटिश इंजिनियरनं १८४३ मध्ये मोडलेल्या आसांवर निबंध वाचला, आणि त्यानं सांगितलं ते असं की आस एकदम मोडत नाही, खांद्याच्या (जाडी बदलते त्या स्टेपच्या) कोपऱ्यात बारीक फट पडते, ती चहूबाजूंनी आत जाते, मधला चांगला भाग बारीक होत होत एक दिवस पुरत नाही. उपाय पण त्यानंच सांगितला : खांद्याला कोपरा ठेवू नका, गोलाई द्या. पुढं जर्मनीत व्योलरनं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोजलं की किती ताणाला किती फेरे टिकतो, आणि पोलादाला एक पातळी असते जिच्या खाली ताण ठेवला की लाखो फेऱ्यांनीही मोडत नाही.

हे सगळं मला डिप्लोमाला शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलं आहे.

दुपारी रेडियस गेज (कोपऱ्याची गोलाई मोजायची पानं) घेऊन मोडलेल्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला बसलो, जिथं तसाच कोपरा अजून शाबूत आहे. सगळ्यात लहान, १ मिमीचं पान लावलं. बसलं नाही, खाली उजेड दिसला. कोपरा १ मिमीपेक्षाही टोकदार. वर भिंग धरलं तर टूलच्या टोकाची एक रेघ पण सगळ्या गोलभर.

मेस्त्रींना विचारलं. तीस वर्षं लेथवर आहेत, त्यांच्या हाताला खोट नाही. शाफ्ट ज्यात फिरतो ती बेअरिंगची नळी म्हणजे बुश, तिचा विषय निघाला. म्हणाले, "बुश खांद्याला टेकायला पाहिजे ना, म्हणून कोपरा साफ काढलो. ड्रॉइंगमध्ये रेडियस कुठं होता?"

ड्रॉइंग काढलं. माझं ड्रॉइंग, माझी सही. दोन सरळ रेघा काटकोनात मिळालेल्या. रेडियस लिहिलेलाच नाही.

मेस्त्रींनी सांगितलं ते शंभर टक्के चोख करून दिलं. चूक माझी आहे आणि ती मी मालकाला उद्या तोंडावर सांगणार आहे, कारण तिकडं एका पोराचा पगार अडकलाय.

१२ डिसेंबर

संकेश्वरला गेलो. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असल्यानं हायवेला पोलिसांचा बंदोबस्त, यमकनमर्डीपर्यंत रांगत गेलो. गुऱ्हाळ बंद म्हणजे काय ते बघवत नाही. चुलवाण गार, काहिलीत पालथा घातलेला झारा, गुळव्या बाजेवर बसून विडी ओढतोय, आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या तशाच पडून, त्यांची पानं वाळायला लागलीत. प्रत्येक दिवसाला रस कमी होतोय आणि उतारा पडतोय.

मालकाला सांगितलं, कोपरा माझ्या ड्रॉइंगमुळं राहिला, नवीन शाफ्टची मजुरी मी घेणार नाही, मटेरियलचे तेवढे द्या. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाकीचे दोन शाफ्ट पण तुम्हीच केलाय की."

तेच बघायला आलो होतो. खालच्या दोन्ही रोलरांचे बुश उघडले, ग्रीस पुसलं, क्लीनरनं कोपरे धुतले आणि वाळवले. मग डीपीचा (डाय पेनेट्रंट, फट दाखवणारी रंगाची तपासणी) लाल रंग मारला आणि पंधरा मिनिटं नुसतं थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं, लोक दोन मिनिटांत पुसतात. रंग पातळ असतो, फट केसापेक्षा बारीक असली तरी आत ओढला जातो, पण त्याला वेळ लागतो. नंतर वरचा रंग कापडानं पुसायचा, कापडावर क्लीनर घ्यायचा, जॉबवर थेट फवारायचा नाही, नाहीतर फटीतला रंग पण धुवून निघतो. आणि शेवटी पांढरा डेव्हलपर, चुन्याचा हात मारल्यासारखा पातळ.

पुढच्या रोलरचा शाफ्ट पांढराच राहिला. मागच्या रोलरच्या शाफ्टवर, गिअरच्या बाजूच्या कोपऱ्यात, मिनिटभर काही नाही, मग एक गुलाबी ठिपका. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग दोन्ही जोडले गेले आणि बघता बघता पांढऱ्यावर एक लाल रेघ उठली, पिनेनं ओढल्यासारखी, कोपऱ्याच्या गोलाईनं वळत गेलेली. पट्टी लावली, ४० मिमी लांब. पोरगा माझ्या मागनं वाकून बघत होता, मालक पण. कुणी काही बोललं नाही. तो शाफ्ट सहा तारखेपर्यंत फिरत होता, आवाज नाही, थरथर नाही, काही नाही.

मालकानं खिशातनं पैसे काढले आणि पोराच्या हातात दिले. मोजले पण नाहीत.

१३ डिसेंबर

सकाळी फोन : मागचा शाफ्ट अजून मोडलेला नाही, त्या क्रॅकवर वेल्डिंग मारून सीझन काढता येईल का, गावात वेल्डर आहे, दोन तासांचं काम.

नाही म्हणलं, आणि का ते नीट सांगितलं, कारण ही गोष्ट आपल्याकडं सगळीकडं होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हुकापासून ते बोअरच्या स्टँडपर्यंत. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्के आहे. जाड शाफ्टवर गरम न करता वेल्डिंग मारलं की वेल्डच्या शेजारची पट्टी झटकन गार होते, कारण आजूबाजूचं सगळं लोखंड उष्णता ओढून घेतं, आणि ती पट्टी कडक, ठिसूळ होते. ओलसर रॉडमधला हायड्रोजन त्या ठिसूळ पट्टीत शिरतो आणि क्रॅक लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडते, वेल्डर घरी गेल्यावर. शिवाय वरनं वेल्ड दिसतो चांगला, पण क्रॅकचं मूळ खोदून काढलं नसेल तर ते आत तसंच राहतं, टोक तसंच अणकुचीदार, नुसतं झाकलेलं. करायचंच तर क्रॅक पूर्ण खोदून, डीपीनं तपासून, शाफ्ट आधी तापवून, भट्टीत वाळवलेले लो हायड्रोजन रॉड वापरून, नंतर राखेत हळू गार करून, आणि एवढं करूनही तो कोपरा टोकदारच राहणार. त्यापेक्षा नवीन शाफ्ट स्वस्त.

म्हणाले, "बरं. दोन्ही करा."

१४ डिसेंबर

रात्री हिशोब केला. पोरासाठी आता गरज नाही पण मला स्वतःला बघायचं होतं की गंजाचा पट्टा आणि गणित जुळतं का.

पॉल पॅरिस या अमेरिकन इंजिनियरनं १९६१ मध्ये मांडलं की क्रॅक दर फेऱ्याला किती सरकते ते टोकाच्या ताणाच्या तीव्रतेवर ठरतं, आणि ही तीव्रता म्हणजे बाहेरचा ताण गुणिले क्रॅकच्या खोलीचं वर्गमूळ. मोठ्या नियतकालिकांनी त्याचा निबंध परत केला होता, शेवटी त्याच्या विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला, आज विमानं त्या हिशोबावर तपासली जातात. साध्या पोलादाला ही वाढ तीव्रतेच्या घनाच्या प्रमाणात धरतात. तीव्रता दुप्पट तर वेग आठपट.

माझ्या अंदाजानं त्या जागी बाकाचा ताण १२० मेगापास्कल. क्रॅक ताणाच्या अर्ध्या फेऱ्यातच उघडते, दाबाच्या अर्ध्यात मिटते, म्हणून तेवढाच धरला. २ मिमी खोल असताना एका फेऱ्याला मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन भाग एवढी सरकते. दिवसाला ०.०२ मिमी. भिंगानं बघितलं तरी फरक कळणार नाही. २ वरून ५ मिमी व्हायला ७१ दिवस. ५ वरून १० ला ३६. १० वरून २० ला २५. आणि २० वरून ३० ला फक्त ११ दिवस.

हे आकडे वहीत लिहून मी त्यांच्याकडं बघत बसलो. पहिले ३ मिमी अडीच महिने खातात आणि शेवटचे १० मिमी दीड आठवड्यात जातात. म्हणूनच "काल तर चांगला होता" असं सगळे म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात.

आता गंजाच्या पट्ट्याला लावून. २ वरून ८ मिमी व्हायला ९७ दिवस. गेला सीझन १२० दिवसांचा, म्हणजे चालू झाल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांतच क्रॅक २ मिमी झालेली असणार, त्या टूलच्या रेघेतनं. ८ वरून ३० ला ४७ दिवस. यंदा चरक २० ऑक्टोबरला सुरू झाला आणि ६ डिसेंबरला मोडला. ४७ दिवस, त्यातनं दिवाळीची पाच दिवसांची सुट्टी वजा. ताणाचा आकडा अंदाजाचा आहे, क्रॅक गोलाभोवती असताना सूत्र थोडं बदलतं, त्यामुळं इतकं जवळ येणं हा योगायोग पण असेल. पण चुकलं असतं तरी दिवसांनी चुकलं असतं, वर्षांनी नाही.

१५ डिसेंबर

नवीन डिझाइन. पहिला विचार मालकाचाच, जास्त भारी पोलाद घ्या, ईएन २४ वगैरे. नको म्हणलं. भारी पोलादात क्रॅक सुरू व्हायला उशीर लागतो हे खरं, पण टोकदार कोपऱ्याचा त्रास त्याला जास्त होतो, आणि एकदा क्रॅक पडली की ती सरकायचा वेग साध्या पोलादापेक्षा फारसा कमी नसतो. पैसे पोलादात नाही, कोपऱ्यात घालायचे.

हिशोब थोडक्यात. पोलादाच्या ताकदीचं, ६४५ चं, निम्मं ३२२ ही व्योलरची न मोडायची पातळी धरतात, त्यातनं लेथच्या फिनिशसाठी आणि शाफ्टच्या जाडीसाठी कापून उरतात १९५. जुना कोपरा १ मिमीचाच धरला तरी तिथं ताण साधारण २.१ पट लागतो, म्हणजे सोसायची ताकद ९३. आपण देत होतो १२०. तो शाफ्ट मोडणारच होता, कुणीही ऊस घातला असता तरी. ६ मिमी रेडियस दिला तर पट येते १.६५ च्या आसपास, ताकद ११८. अजून १२० च्या खालीच. म्हणून ९० चा जर्नल (शाफ्टचा बुशात फिरणारा भाग) ९५ करायचा, ५ मिमीच वाढतात पण बाकाचा ताण व्यासाच्या घनानं कमी होतो, १२० चा १०२. आता १०२ खाली आणि ११८ वर. गनमेटलचे बुश बोअर करून मोठे करता येतात, बेअरिंगच्या घरात जागा आहे.

दुपारी पोरगा मटेरियल आलं का विचारायला आला होता. त्याला बांधकामाच्या तारेचे दोन तुकडे दिले, एकाला कानशीनं एक खाच. वाकव, सरळ कर, मोज म्हणलं. बिनखाचेची चौदाव्या वेळेला तुटली, खाचेची पाचव्या. त्यानं परत दोन तुकडे घेतले आणि परत मोजलं. मग स्वतःहून तिसऱ्या तुकड्याला खाच करून ती खाच पॉलिश पेपरनं गोल घासली आणि मोजलं, दहा. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. मेस्त्री बघत होते, म्हणाले, "काय बघूलायस, उद्यापासून लेथवर ये की." पोरगा हसला.

१६ डिसेंबर

मटेरियल आलं. दोन्ही बार अल्ट्रासोनिकनं तपासून घेतले.

१८ डिसेंबर

रफ टर्निंग झालं. ६ मिमीच्या रेडियसचं टूल मेस्त्रींनी स्वतः घासलं आणि आधी पत्र्याचा टेम्प्लेट कापला. टेम्प्लेट कोपऱ्यात लावायचा, मागनं बॅटरी धरायची, उजेड कुठं झिरपतो ते बघायचं. चार वेळा टूल काढून परत घासलं. लाईट दुपारी दोन तास गेली त्यामुळं एकच शाफ्ट झाला.

१९ डिसेंबर

जी अडचण मुळात होती ती आता समोर आली : रेडियस दिला की बुशची कड त्याच्यावर चढते, खांद्याला टेकत नाही. गेल्या वर्षी हेच टाळायला कोपरा साफ निघाला होता. उपाय काही अवघड नाही. बुशच्या तोंडाला आतनं ७ मिमीचा चॅम्फर (तिरका काप) मारला, म्हणजे रेडियसला मोकळी जागा आणि बुश बाहेरच्या बाजूनं खांद्याला टेकतो. वीस मिनिटांचं काम. गेल्या वर्षी वीस मिनिटं विचार केला असता तर.

फिनिशिंगला कोपऱ्यात पॉलिश पेपर मारला, आधी शाफ्ट फिरवून आणि शेवटी शाफ्ट थांबवून हातानं लांबीच्या दिशेनं. फिरवून मारलेल्या पेपरच्या रेघा गोलाभोवती पडतात, म्हणजे ताणाला बरोबर आडव्या, क्रॅकला हवी तशी दिशा. लांबीच्या रेघा तिला उपयोगाच्या नाहीत. बोटाच्या पेरानं कोपरा चाचपला तर पातेल्याच्या बुडासारखा लागतो, कुठं थांबत नाही.

२१ डिसेंबर

बसवले. ड्रॉइंगच्या नवीन प्रतीवर R६ लिहिलंय, लाल पेनानं, आणि खाली फिनिश. संध्याकाळी पाचला चरक फिरला. चुलवाण पेटवलेलं होतंच, चिपाडाचा धूर सरळ वर जात होता. पहिल्या आधणाचा गूळ रात्री साडेनऊला वाफ्यात ओतला, गुळव्यानं मला गरम काकवी दिली वाटीत.

मालकाशी ठरलं : दर महिन्याला चरक अर्धा दिवस बंद, सगळे बुश उघडून डीपी. पुढच्या रोलरचा शाफ्ट जुनाच आहे, टोकदार कोपऱ्याचा, तो या सीझनला दर पंधरा दिवसांनी बघायचा आणि एप्रिलमध्ये बदलायचा. हिशोबानं क्रॅक २ मिमीवर सापडली तर ती ५ मिमी व्हायलाच दोन-अडीच महिने लागतात, म्हणून पंधरा दिवस पुरेसे आहेत.

५ जानेवारी

पुढचा शाफ्ट डीपी. पांढरा.

२० जानेवारी

परत पांढरा. फोनवरच कळलं, फोटो पाठवला पोरानं, पट्टी शेजारी ठेवून, मी सांगितलं होतं तसा.

२३ जानेवारी

महिन्याची तपासणी, मी स्वतः गेलो. डीपी सगळी पोरानंच केली. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबला, मालक घाई करत होते तरी. वरच्या शाफ्टला एका बाजूला डेव्हलपरवर एक फिकट गुलाबी रेघ आली आणि माझ्या पोटात गोळाच आला. पण ती रेडियसमध्ये नव्हती, की-वेच्या (चावी बसायच्या खाचेच्या) कडेला होती, आणि पसरत नव्हती. पॉलिश पेपरनं हलकं घासलं, धुतलं, परत सगळं पहिल्यापासून, परत पंधरा मिनिटं. या वेळी काही उठलं नाही. कटरची बर (कापताना राहिलेली धातूची बारीक कड) होती, रंग तिच्या खाली अडकलेला.

पोरानं तरी खडूनं तिथं गोल केला आणि बाजूला आजची तारीख लिहिली. पुढच्या महिन्यात आधी तिथंच बघणार म्हणाला.